टेसरॅक्ट : सरकारी मराठी कागद वाचायला किती भरवशाचं?

शासन निर्णयांवर प्रश्न विचारता येतील असा चॅटबॉट, जुन्या आदेशांतून रकमा आणि तारखा वेचणारी यंत्रणा, अर्जांची आपोआप छाननी. सरकारी कामासाठी एआयचे असे प्रकल्प आखले जातात तेव्हा सगळ्यांच्या तळाशी एकच काम असतं: कागदावरचा मराठी मजकूर जसाच्या तसा संगणकात आणणं. ते कच्चं राहिलं, की वरचं महागडं मॉडेल चुकीच्या मजकुरावरून ठामपणे उत्तरं देत राहतं. म्हणून या परीक्षणात चॅटबॉटला बाजूला ठेवून त्याच्याआधी चालणाऱ्या ओसीआरकडे (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या प्रणालीकडे), आणि त्यातल्या टेसरॅक्ट या साधनाकडे, पाहिलं आहे.

टेसरॅक्ट एचपीच्या प्रयोगशाळेत १९८५ ते १९९४ या काळात घडलं, २००५ मध्ये मुक्त स्रोत झालं आणि पुढे बरीच वर्षं गूगलने त्याचा विकास केला. २०१८ च्या आवृत्ती ४ पासून त्यात एलएसटीएम प्रकारच्या न्यूरल नेटवर्कवर चालणारं इंजिन आहे. २०२१ च्या अखेरीस आवृत्ती ५ आली आणि हे परीक्षण तिचंच आहे. परवाना अपाची २.० असल्याने प्रतींचं किंवा पानांचं शुल्क नाही. साध्या प्रोसेसरवर, इंटरनेटशिवाय चालतं, म्हणजे लोकांची नावं-पत्ते असलेला कागद कार्यालयाबाहेर जात नाही. सरकारी कामात एवढ्या एका कारणासाठीही ते यादीत वर ठेवावं.

निकाल आधीच सांगून टाकू. स्वच्छ छापलेल्या, एका रकान्यातल्या मराठी मजकुरासाठी टेसरॅक्ट डोळे झाकून बसवावं, पण त्याचं उत्तर डोळे उघडे ठेवून तपासावं. तक्त्यांसाठी ते चालतं, पण आधी चित्रावर बरंच काम करावं लागतं. हस्ताक्षरातल्या टिपण्या, जुने हाताने लिहिलेले सातबारे आणि मोडी यांच्यासाठी ते नाही, आणि ते जमवण्यात वेळ घालवू नये.

आधी पीडीएफचा स्वभाव ओळखा

निम्मे प्रकल्प इथेच घसरतात. पीडीएफमध्ये मजकूर निवडता येतोय म्हणजे ओसीआरची गरज नाही, असं गृहीत धरलं जातं. मराठी सरकारी फायलींत हे खरं नसतं. युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत देणाऱ्या मानकाच्या) आधीच्या काळात श्री-लिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टमध्ये टंकलेले आदेश पडद्यावर सुरेख मराठी दिसतात, पण आतमध्ये लॅटिन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत असतात. एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवली की खरं काय ते कळतं. शेकडो फायली असतील तर पॉपलर या पीडीएफ हाताळणाऱ्या साधनसंचातली पीडीएफफॉन्ट्स ही आज्ञा चालवावी. ती प्रत्येक फाइलमधल्या फॉन्टची नावं देते, आणि त्या फॉन्टसोबत युनिकोडचा नकाशा आहे की नाही हेही एका रकान्यात सांगते.

नकाशा आहे असं दिसलं तरी निश्चिंत होऊ नये. वर्डमधून काढलेल्या युनिकोड पीडीएफमध्येही जोडाक्षरं गळतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. ‘निर्णय’ हा शब्द शोधून किती पानांवर सापडतो ते पाहावं. शासन निर्णयाच्या फायलीत तो सापडलाच नाही, तर ती फाइल सरळ चित्र समजून ओसीआरला द्यावी.

त्यासाठी ओसीआरमायपीडीएफ हे टेसरॅक्टलाच आत वापरून पीडीएफ वाचणारं साधन सोयीचं आहे. फक्त त्याचे पर्याय समजून घ्यायला हवेत. पानावर आधीच मजकूर असेल तर ते मूळ सेटिंगला थांबतं. घाईत ‘स्किप टेक्स्ट’ लावला तर जुन्या फॉन्टची पानं तशीच कचरा मजकुरासह पुढे जातात आणि कुठे चूक झाली ते दिसतही नाही. ‘रीडू’ पर्याय फक्त आधीच्या ओसीआरचा अदृश्य थर काढतो, त्यामुळे इथे तोही निरुपयोगी. इथे ‘फोर्स ओसीआर’च हवा, तो पानाचं चित्र करून नव्याने वाचतो. याची किंमत अशी, की फाइल फुगते आणि डिजिटल स्वाक्षरी बाद होते. त्यामुळे स्वाक्षरीची मूळ प्रत हात न लावता वेगळी ठेवायची आणि ओसीआर नेहमी नकलेवर करायचं.

स्कॅन

३०० डीपीआय (इंचामागे ठिपके), ८ बिट ग्रे. ए४ पान मग २४८० × ३५०८ पिक्सेलचं होतं आणि १२ पॉइंटचं अक्षर सुमारे ५० पिक्सेलच्या चौकटीत बसतं. अनुस्वार, रफार आणि नुक्ता या काही पिक्सेलच्याच खुणा असतात, म्हणून १५० डीपीआयला त्या धुळीत जमा होतात. चित्र नंतर मोठं करून गेलेला अनुस्वार परत येत नाही.

स्कॅनरमधला फक्त काळा-पांढरा पर्याय टाळावा. काळं काय आणि पांढरं काय हे स्कॅनरने एकदा ठरवलं की फिकट छपाईतल्या शिरोरेघा तुटलेल्याच राहतात. ग्रे चित्र दिलं तर ती निवड टेसरॅक्टकडे राहते; आवृत्ती ५ मध्ये नेहमीच्या ओत्सू पद्धतीबरोबर सावोला पद्धतही आहे, आणि पिवळ्या पडलेल्या किंवा एका कडेला सावली असलेल्या पानांवर ती बदलून पाहण्यासारखी आहे. आकार कमी करणारं जेबिग२ संकोचन लॉसी, म्हणजे तपशील गाळणाऱ्या, स्वरूपात चालू असेल तर ते आधी बंद करावं. त्यात सारखे दिसणारे आकार एकच मानून एकाची प्रतिमा दुसऱ्याच्या जागी बसवली जाते. याच कारणाने काही स्कॅनर-कॉपिअर यंत्रं आकडे बदलून टाकतात, ६ च्या जागी स्वच्छ ८ देतात, हे २०१३ मध्ये जगासमोर आलं होतं. अशी चूक ओसीआरच्याही आधी घडते आणि नंतर कुठल्याच साधनाला पकडता येत नाही.

तिरकेपणा एका अंशाचा असला तरी ए४ च्या रुंदीत ओळ सुमारे ४३ पिक्सेल वर-खाली सरकते, म्हणजे जवळजवळ एक अक्षर. सुदैवाने शिरोरेघ असल्यामुळे देवनागरी पान सरळ करणं सोपं जातं. शिक्के अक्षरांवर आले असतील तर रंगीत स्कॅन करून योग्य रंगाचा एकच थर घ्यावा: निळ्या शाईसाठी निळा, लाल शाईसाठी लाल. त्या थरात शिक्का फिकट पडतो आणि खालची काळी छपाई टिकते. काळ्या शिक्क्याला हा उपाय लागू होत नाही. तिथे माणूसच लागतो.

कोणतं मॉडेल, कोणती मांडणी

मराठीची प्रशिक्षित फाइल मुख्यतः ‘फास्ट’ आणि ‘बेस्ट’ अशा रूपांत मिळते. लिनक्सच्या पॅकेजमधून बहुधा ‘फास्ट’ येते. कायमस्वरूपी जपायच्या अभिलेखांसाठी ‘बेस्ट’ उतरवून घ्यावी. ती बरीच हळू चालते, पण अभिलेख एकदाच वाचायचे असतात, आणि पुढे स्वतःच्या फॉन्टवर प्रशिक्षण द्यायचं झालं तर तेही ‘बेस्ट’वरच करता येतं. याशिवाय देवनागरी लिपीचं एक सामाईक मॉडेल आहे. ते लॅटिन अक्षरंही ओळखतं, त्यामुळे इंग्रजी पदनामं, ईमेल, संकेतस्थळं मिसळलेल्या पानांवर ते उपयोगी पडतं. मराठी आणि इंग्रजी मॉडेल एकत्र लावण्याची सवय मात्र सोडावी. फिकट मराठी शब्द दिसला की इंग्रजी मॉडेल त्यात लॅटिन अक्षरं शोधू लागतं.

पानाची मांडणी कशी समजायची हे पीएसएम या पर्यायाच्या क्रमांकाने सांगतात; त्याचं मूळ मूल्य ३, म्हणजे मांडणी आपोआप ठरवणं, असतं. शासन निर्णयाच्या पहिल्या पानावर राजमुद्रा, मधोमध शीर्षक, उजवीकडे कार्यालयाचा पत्ता आणि तारीख असते, आणि ३ वर पत्त्याच्या ओळी कधीकधी मुख्य मजकुरात घुसतात. तिथे ४ (पान एकाच रकान्याचं समजणारं) लावून पाहावं. सलग परिच्छेदांच्या आतल्या पानांना ६ चांगलं, कापून घेतलेल्या एका ओळीला ७. कापताना चारही बाजूंनी दहा-एक पिक्सेलची पांढरी कड ठेवायची. अक्षरं काठाला टेकली की शेवटचं अक्षर हमखास बिघडतं.

मोठा गठ्ठा असेल तर एक गोष्ट विसरू नये. टेसरॅक्ट एका पानासाठीही अनेक धागे (एकाच वेळी चालणारे कामाचे तुकडे) वापरायला जातं. आठ कोअरच्या यंत्रावर आठ पानं एकाच वेळी चालवली की ते धागे एकमेकांच्या पायात येतात आणि सगळंच मंदावतं. ओएमपी थ्रेड लिमिट हे पर्यावरणचल (धाग्यांची मर्यादा ठरवणारं सेटिंग) १ ला बांधावं आणि कोअरइतक्या स्वतंत्र प्रक्रिया चालवाव्यात.

तक्ते, म्हणजे खरी कसोटी

लाभार्थ्यांची यादी, निधीवाटपाचं विवरण, गटक्रमांकांचा तक्ता. एआय प्रकल्पाला नेमकं हेच हवं असतं आणि टेसरॅक्ट इथेच सर्वांत कमकुवत आहे. उभी रेघ त्याला कधी काना वाटते, कधी दंड, कधी १. रेघा पुसण्यासाठी ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या संचात आडव्या-उभ्या पट्टीने मॉर्फोलॉजी (पट्टीएवढ्या लांब रेघा शोधून काढणं) करायची पद्धत सर्वत्र सांगितली जाते, पण ती सूत्रं लॅटिन लिपी समोर ठेवून लिहिलेली असतात. त्यातली छोटी आडवी पट्टी देवनागरीवर चालवली तर तक्त्याच्या रेघांबरोबर शिरोरेघाही जातात आणि ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांतला फरकच संपतो. आडवी पट्टी सर्वांत लांब शब्दापेक्षा बरीच मोठी हवी. ३०० डीपीआयला पानाच्या रुंदीच्या तृतीयांश, म्हणजे सुमारे ८०० पिक्सेल, धरावी. उभी पट्टी कान्याच्या उंचीच्या किमान तिप्पट, दीडशेच्या पुढे. पान आधी सरळ केलेलं नसेल तर इतक्या लांब पट्टीला तिरकी रेघ सापडतच नाही.

त्यानंतर रेघांच्या छेदनबिंदूंवरून कोष्टकं कापून एकेक वाचावं. पूर्ण तक्ता एकदम दिला तर दोन ओळींत मोडलेलं नाव शेजारच्या रकमेशी जोडलं जातं.

आकड्यांच्या रकान्यासाठी फक्त ० ते ९ ही अक्षरं मान्य करण्याची सोय आहे. ती वापरू नये. तसं केलं की डाग, शाईचा थेंब, ‘निरंक’ हा शब्द, सगळ्याचा कुठला तरी आकडाच होतो, आणि तो आकडा नेहमीच्या आकड्यासारखा दिसतो. मोकळेपणी वाचू द्यावं. आकड्याच्या जागी अक्षर आलं तर तिथे गडबड आहे हे आपोआप कळतं.

मराठीच्या खास चुका

‘शेतकऱ्यांना’, ‘दुसऱ्या’, ‘कर्मचाऱ्यांचे’ हे शब्द सरकारी मजकुरात पानोपानी येतात. त्यातला ऱ्य युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो: ‘ऱ’ला हलंत लावून, किंवा साध्या ‘र’ला हलंत आणि त्यापुढे अदृश्य जोडक लावून. दिसायला दोन्ही एकच, संगणकाला वेगळे. एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणीकरणाने र आणि नुक्ता यांचा ‘ऱ’ होतो, पण जोडकाचं रूप तसंच राहतं. ओसीआरच्या मजकुरात, शोधपेटीत आणि जुन्या डेटाबेसमध्ये वेगवेगळी रूपं असली तर ‘शेतकऱ्यांना’ शोधूनही काहीच सापडत नाही, आणि दोष चॅटबॉटच्या माथी येतो. शोधासाठी वेगळा रकाना करून त्यात एकच रूप ठेवावं, देवनागरी आणि लॅटिन आकडे एका रूपात आणावेत. मूळ ओसीआर मजकूर मात्र बदलू नये.

बाकी चुका ठरावीक जागी येतात: गळलेला अनुस्वार, ल आणि ळ यांची अदलाबदल, रफार पुढच्या अक्षरावर सरकणं, ‘५,०००/-’ मधली तिरकी रेघ १ किंवा दंड होणं. शेवटची चूक सर्वांत महाग. ५,००० ची रक्कम त्यातून दहापट होऊ शकते.

यांच्यावर नियमांनी पहारा ठेवता येतो. भारतीय पद्धतीने लिहिलेल्या रकमेत शेवटचा गट तीन आकड्यांचा, त्याआधीचे दोन-दोनचे. ही घडी मोडली की ओळ थांबवायची. अंकी आणि अक्षरी रक्कम दोन्ही असतील तर जुळवून पाहायच्या. तक्त्याखालची एकूण बेरीज स्वतः करून पडताळायची. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयात शेवटी १८ अंकी सांकेतांक असतो आणि त्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी असते. तो नेमका १८ अंकी आला का, आणि त्यातली तारीख पहिल्या पानावरच्या तारखेच्या जवळपास आहे का, एवढ्या तपासणीत दोन्ही ठिकाणच्या चुका उघड होतात.

विश्वासांक आणि त्याच्या मर्यादा

टीएसव्ही (टॅबने वेगळ्या केलेल्या रकान्यांच्या) स्वरूपात निकाल घेतला तर प्रत्येक शब्दामागे पानावरची जागा आणि ० ते १०० मधला विश्वासांक, म्हणजे वाचनाची किती खात्री आहे याचा अंक, मिळतो. साध्या मजकूर फाइलवर समाधान मानणाऱ्यांनी टेसरॅक्टचा अर्धा उपयोग घेतलेलाच नाही. जागा माहीत असली की तपासणाऱ्याला संशयित शब्दाचा तेवढाच तुकडा पडद्यावर दाखवता येतो, आणि पुढे चॅटबॉटच्या उत्तराखाली मूळ कागदाची ती ओळ चित्रासह देता येते. नागरिकाला सरकारचं उत्तर द्यायचं तर एवढं तरी हवंच.

पानाची सरासरी काढून तीवर निर्णय घेऊ नये. एक हजार शब्द छान वाचले आणि एकच रक्कम चुकली तरी सरासरी सुंदर येते. किती विश्वासांकाखाली माणसाकडे पाठवायचं हा उंबरठाही कुठून आयता घेऊ नये. आपल्या शंभर-दोनशे पानांची हाताने तपासलेली प्रत करून त्यावरून ठरवावा. तीच प्रत गुणवत्ता मोजायलाही लागते. ‘९९ टक्के अचूक’ म्हणजे २,००० अक्षरांच्या पानावर २० चुका. त्या ‘करण्यात येत आहे’ मध्ये पडल्या तर हरकत नाही; नावात, गटक्रमांकात, तारखेत पडल्या तर आहे. म्हणून अक्षरांचा चूकदर आणि महत्त्वाच्या नोंदींचा चूकदर वेगवेगळे मोजावेत आणि निविदेतही वेगवेगळे मागावेत.

एक उणीव मात्र विश्वासांकात दिसत नाही: जी ओळ टेसरॅक्टने पाहिलीच नाही तिला अंकही नसतो. तळटीप, चौकटीतला मजकूर, ठळक मोठं शीर्षक असं कधीकधी पूर्णच वगळलं जातं. यावर उपाय सोपा आहे. ओळखलेल्या सगळ्या शब्दांच्या चौकटी मूळ चित्रावर पांढऱ्या रंगवायच्या आणि उरलेली काळी शाई मोजायची. राजमुद्रा आणि सही सोडून बरीच शाई उरली तर ते पान माणसाकडे जातं.

मोठ्या भाषा मॉडेलशी तुलना

आता चित्र वाचणारी मोठी मॉडेल आली आहेत. वाईट पानावर ती टेसरॅक्टपेक्षा पुष्कळ वाचनीय मजकूर देतात, रकान्यांचा क्रम नीट लावतात, हस्ताक्षरही बऱ्यापैकी उलगडतात. नुसता गोषवारा हवा असेल तर तीच बरी. पण त्यांच्या चुकीची जात वेगळी आहे. टेसरॅक्टला आडनाव वाचता आलं नाही तर ते अर्थहीन अक्षरं देतं; वाचणारा थबकतो. भाषा मॉडेल तिथे शोभेल असं खरंखुरं आडनाव देतं. अर्जातलं अशुद्ध लेखन ते शुद्ध करतं, लागोपाठच्या सारख्या ओळींतली एखादी गाळतं, आणि त्याच पानाचं दुसऱ्यांदा थोडं वेगळं उत्तर देऊ शकतं. ज्या कागदावर कोणाचा तरी हक्क किंवा पैसा ठरतो, तिथे लपणारी चूक दिसणाऱ्या चुकीपेक्षा फार घातक आहे. शासकीय अभिलेखांसाठी टेसरॅक्टला पसंती देण्याचं कारण अचूकता नसून हे आहे.

दोन्ही एकत्र वापरणं सर्वांत चांगलं. नोंदी काढायचं काम भाषा मॉडेलला द्यावं, पण प्रत्येक नोंदीबरोबर ती ओसीआरच्या कोणत्या ओळीतून घेतली आणि मूळ अक्षरं काय होती हे द्यायला लावावं. मग साध्या प्रोग्रामने ती अक्षरं त्या ओळीत हुबेहूब आहेत का ते पाहायचं. नसतील तर नोंद फेटाळायची; मॉडेलचं स्पष्टीकरण ऐकत बसायचं नाही. रकमांसाठी दोघांकडून स्वतंत्रपणे वाचून घ्यावं आणि जुळत नाही तिथे माणसाने कागद पाहावा. ‘अधिक्रमित करण्यात येत आहे’ असं वाक्य आणि त्याआधीच्या संदर्भ क्रमांकांची यादी यांवर विशेष लक्ष ठेवावं, कारण तो क्रमांक चुकला तर चॅटबॉट रद्द झालेला निर्णय आजचा म्हणून सांगतो.

प्रशिक्षण आणि देखभाल

एखाद्या कार्यालयाने वर्षानुवर्षं एकाच फॉन्टमध्ये किंवा टंकलेखन यंत्रावर काम केलं असेल तर टेसट्रेन हे टेसरॅक्टच्या प्रशिक्षणाचं साधन वापरून मराठी ‘बेस्ट’ मॉडेलला त्या वळणाची ओळख करून देणं फायद्याचं ठरतं. ओळीचं चित्र आणि तिचा अचूक मजकूर अशा जोड्या लागतात. ल आणि श यांची मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणं नमुन्यांत असू द्यावीत. ‘एन्कोडिंग ऑफ स्ट्रिंग फेल्ड’ असा इशारा आला तर नमुन्याच्या मजकुरात मॉडेलला ठाऊक नसलेलं चिन्ह आहे. बहुधा कुठून तरी चिकटलेला अदृश्य जोडक किंवा तिरपं अवतरणचिन्ह. मजकूर टंकणाऱ्या सगळ्यांना ऱ्य एकाच रीतीने लिहायला सांगितलं तर हा त्रास बराच कमी होतो.

प्रत्येक पानाच्या नोंदीत टेसरॅक्टची आवृत्ती, मॉडेलच्या फाइलचं नाव व हॅश (तीच फाइल आहे हे पटवणारा सांकेतिक ठसा), पीएसएम आणि डीपीआय लिहून ठेवावेत. उद्या सुधारित मॉडेल आलं तर आधी तपासलेल्या प्रतीवर ते चालवून नोंदींचा चूकदर पाहावा, आणि ज्या शब्दांवर माणसाने शिक्कामोर्तब केलं आहे ते नव्या निकालाने पुसले जाणार नाहीत अशी व्यवस्था डेटाबेसमध्ये पहिल्या दिवसापासून असावी.